डांगाणातील न लिहिलेले शास्त्र

(द्वितीय वर्ष, कला)

'शास्त्र' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर ग्रंथ उभा राहतो. ज्याला ग्रंथ आहे, व्याख्या आहेत, ज्यावर परीक्षा घेता येते ते शास्त्र, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु थोडा विचार केला तर ग्रंथ ही शास्त्राची अखेरची पायरी आहे असे दिसेल. त्यापूर्वी निरीक्षण असते, निरीक्षणावरून बांधलेला अंदाज असतो, तो अंदाज पुनःपुन्हा करून पाहणे असते आणि जे खरे ठरले ते पुढच्याला शिकवणे असते. ज्या समाजाने ह्या चार पायऱ्या पार केल्या, पण पाचवी, म्हणजे लिहून ठेवण्याची पायरी ज्याच्या वाट्याला आली नाही, त्या समाजापाशी असलेल्या ज्ञानाला आपण काय म्हणणार आहोत? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार एका लहानशा प्रदेशातील आदिवासी शेतीच्या आधारे करावयाचा आहे. तो प्रदेश माझा स्वतःचा आहे. त्यामुळे काही उदाहरणे घरचीच आली आहेत, त्याबद्दल वाचकांनी समजून घ्यावे.

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' आणि 'वडिलांचे शिक्षण' असे दोन रकाने असतात. मी पहिल्यात 'शेती' आणि दुसऱ्यात 'निरक्षर' असे लिहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. परंतु ह्या दोन शब्दांच्या मध्ये जे आहे, म्हणजे कोणत्या खाचरात कोणते भात का पेरायचे, विस्तव कोणत्या बाजूने लावायचा, बियाणे कसे पारखायचे, हे सांगायला अर्जात रकाना नाही. अर्जाचा तो दोष नाही. पण विद्यापीठात शिकणाऱ्या आपण मंडळींनी तरी त्या मधल्या जागेकडे पाहावयास हवे.

प्रदेश आणि माणसे

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम भागाला डांगाण म्हणतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) ह्याच भागात आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड हे किल्ले येथलेच, आणि प्रवरा नदी उगम पावते तीही रतनगडाच्या डोंगरात. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण सहलीच्या निमित्ताने अनेकांनी पाहिले असेल. येथे मुख्यतः महादेव कोळी व ठाकर ह्या आदिवासी जमातींची वस्ती आहे.

जिल्ह्याचा पूर्व भाग दुष्काळी म्हणून प्रसिद्ध आहे, तेथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील आमच्या घाटघरला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो. बाहेरच्या माणसाला वाटते, मग काय कमी आहे? परंतु हे सारे पाणी चार महिन्यांत येते आणि उतारावरून धावत निघून जाते. चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडा घेऊन झऱ्याची वाट धरावी लागते ती त्याच घाटमाथ्यावर. अशा ठिकाणी शेती करणाऱ्यापुढे तीन अडचणी कायमच्या असतात. पहिली, मुसळधार पावसाने माती व तिच्यातील कस वाहून जातो. दुसरी, पहिल्या सरींबरोबर पिकापेक्षा तण वेगाने उगवते. तिसरी, पाऊस कधी आटोपेल त्याचा भरवसा नसतो आणि आटोपला की उताराची जमीन चार दिवसांत कोरडी पडते. आमच्या शेतीतील जवळजवळ प्रत्येक रीत ह्या तीनपैकी कोणत्या ना कोणत्या अडचणीचे उत्तर आहे.

राब : विस्तवाने केलेली मशागत

उन्हाळ्यात कसारा किंवा माळशेज घाटातून जाताना डोंगरउतारावर काळे चौकोन दिसतात. वणवा लागून गेला असे पाहणाऱ्याला वाटते. ते बहुधा राब असतात. भाताचे रोप ज्या जागी तयार करायचे ती जागा पेरणीपूर्वी भाजून काढणे म्हणजे राब. लावणीच्या एकंदर क्षेत्राच्या सुमारे दहावा हिस्सा जागा रोपासाठी लागते. तेवढीच भाजायची असते.

कृती अशी. फाल्गुनाच्या सुमारास जागा साफ करून तिच्यावर वाळलेल्या शेणाचा थर देतात. त्यावर ऐन, किंजळ इत्यादी झाडांच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे टाहाळ, अंथरतात. त्यावर पालापाचोळा व गवत घालतात, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर पसरतात. मग वारा ज्या दिशेला वाहत असेल त्या टोकाला विस्तव लावतात. येथे गंमत आहे. वाऱ्याच्या पाठीमागून विस्तव लावला तर तो भुरकन पसरून विझेल आणि वरचे गवत तेवढे जळेल. समोरच्या टोकाने लावला तर तो वाऱ्याच्या विरुद्ध रांगत रांगत येतो, सावकाश जळतो, आणि उष्णता जमिनीत उतरते. वरच्या मातीमुळे ज्वाळा दबते आणि राख उडून जात नाही. मृगाचा पाऊस जवळ आला की ही जागा हलकी नांगरून बी फेकतात.

ह्यातून काय साधते? उष्णतेने वरच्या थरातील तणाचे बी मरते आणि किडीही मरतात. म्हणून पहिल्या पावसानंतर राबाच्या जागेत भाताचे रोप एकटेच उठते, त्याला स्पर्धक नसतो. माती भाजल्यामुळे तिच्यातील नत्राचा काही भाग पिकाला लगेच घेता येईल अशा रूपात मोकळा होतो. राखेतून पालाश, चुना आणि थोडे स्फुरद मिळते, आणि अतिपावसाने आंबट झालेल्या जमिनीचा आंबटपणा कमी होतो. तीन-चार आठवड्यांत जोमदार रोप आवणीला तयार होते. आमच्याकडे भातलावणीला आवणी म्हणतात.

ही रीत एके काळी मोठ्या वादाचा विषय झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलचे कायदे आले आणि टाहाळ तोडण्यावर निर्बंध पडले. राब ही अडाण्यांची नासाडी आहे असे जंगलखात्याचे अनेक अधिकारी मानत. ठाणे-कुलाबा भागातून तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८९ मध्ये डॉ. व्होलकर हे रसायनतज्ज्ञ भारतीय शेती सुधारण्याचे उपाय सुचवण्यासाठी विलायतेहून आले. त्यांच्या १८९३ च्या अहवालात राबाची चर्चा आहेच, शिवाय चांगला भारतीय रयत हा सर्वसाधारण ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत सरसच आहे, असा निर्वाळाही आहे. शिकवायला आलेल्या माणसाने असे लिहावे ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

राबाचा प्रयोगशाळेतून अभ्यास झाला तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिंपळे सौदागर ह्या गावाच्या त्यांच्या पाहणीमुळे परिचित असेल. त्याच मॅनसाहेबांनी जोशी व कानिटकर ह्या सहकाऱ्यांसह १९१२ साली राबपद्धतीवर स्वतंत्र शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे आमच्या पूर्वजांनी जे पिढ्यान्‌पिढ्या केले, त्याचे 'का' शोधावयास विज्ञानाला रसायनशाळा उघडावी लागली.

अर्थात राबाचे गुण सांगताना त्याची किंमत लपवणे बरोबर नाही. वर्षानुवर्षे फांद्या तोडल्याने झाडे खुरटतात. शेण जाळल्याने शेतात जाणारे खत कमी होते. जंगल भरपूर आणि वस्ती विरळ होती तोवर हे चालून गेले. आता ते पूर्वीसारखे चालणार नाही. पण येथेही एक बोध होतो. डॉ. एन. के. सावंत ह्यांनी मांडलेली आणि महाराष्ट्रात बरीच पसरलेली 'चारसूत्री भातशेती' पाहा. तिच्यात रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायला सांगितले आहे आणि शेतात गिरिपुष्पाचा पाला गाडायला सांगितला आहे. राख आली, पाला आला, फक्त डोंगरावरचे झाड वाचले. जुन्या रीतीचे मर्म ओळखून तिचा दोष काढून टाकणे ते हेच. ज्यांनी राबाला केवळ अडाणीपणा म्हटले, त्यांच्या हातून ही सुधारणा होण्यासारखी नव्हती.

हळवे, निमगरवे, गरवे

डोंगरातील खाचरे जिन्याच्या पायऱ्यांसारखी असतात. वरच्या पायरीवर माती पातळ, पाणी लवकर ओसरते. खालच्या, ओढ्याजवळच्या पायरीवर गाळ साठलेला, पाणी दिवाळीनंतरही टिकते. एकाच घरची ही शेती, परंतु तिच्यात चार तऱ्हेच्या जमिनी.

ह्यावर उत्तर म्हणून भाताच्या जाती मुदतीप्रमाणे वाटून घेतलेल्या आहेत. सुमारे तीन-साडेतीन महिन्यांत येते ते हळवे, चार महिन्यांच्या आसपास येते ते निमगरवे, आणि त्याहून उशिरा येते ते गरवे. हळवे वर, गरवे खाली, निमगरवे मध्ये, असा सर्वसाधारण नियम. पाऊस भाद्रपदातच तुटला तरी वरचे हळवे तोवर पोसलेले असते. पाऊस लांबला तर खालचे गरवे चांगले साधते. सगळेच एकदम पिकत नाही, म्हणून कापणीला घरची माणसे पुरतात. आणि एखाद्या वाणावर रोग पडला तर सारे शिवार बसत नाही. विमा कंपनीचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते त्यांनी नुकसान वाटून टाकण्याची ही युक्ती शेतातच बसवली होती.

काळभात, रायभोग, जिरवेल, आंबेमोहोर, वरंगळ, ढवळ, खडक्या, तामकूड ही आमच्या भागातील भातांची काही नावे. कोणी वासाचे, कोणी पेजेला उत्तम, कोणी हलक्या जमिनीतही तग धरणारे. बाळंतिणीला कोणत्या तांदळाची पेज द्यायची आणि आजाऱ्याला कोणता भात शिजवायचा हे म्हाताऱ्या बायकांना पाठ असते.

उताराची शेती

खाचराच्या वर जी उघडी उताराची जमीन असते तिला वरकस म्हणतात. तेथे पाणी थांबत नाही, म्हणून भात नाही. तेथे नागली, वरई आणि खुरासणी. नागली म्हणजे नाचणी. वरई म्हणजे शहरात उपवासाला खातात ती भगर. खुरासणी हे तेलबी; नवरात्राच्या सुमारास तिच्या पिवळ्या फुलांनी डोंगर झाकून जातात.

ह्या तिघींचा क्रम ठरलेला आहे. विश्रांती घेतलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी नागली, कारण तिला कस जास्त लागतो. दुसऱ्या वर्षी वरई, ती कमी कसावर भागवते. तिसऱ्या वर्षी खुरासणी, ती अगदी निकस जमिनीतही येते. त्यानंतर जमीन काही वर्षे पडीक टाकायची, म्हणजे गवत-झुडपे वाढून तिचा कस भरून येतो. कृषिशास्त्राच्या पुस्तकात ह्याला 'पिकांची फेरपालट' म्हणतात. खुरासणीचे आणखी एक काम आहे. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती दुसऱ्या पिकाच्या कडेने पेरली की कुंपणाची सोय होते. शिवाय तिच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि तेवढ्याने डोंगरातील मधही वाढतो.

नागलीविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण तिच्या वाट्याला फार उपेक्षा आली. पांढरा भात हे सुखवस्तूपणाचे आणि काळसर नागलीची भाकर हे गरिबीचे लक्षण, अशी समजूत आमच्याही गावांत शिरली. वस्तुतः शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या तुलनेत अगदीच नगण्य. तिला कीड लागत नाही, नीट ठेवली तर ती वर्षानुवर्षे टिकते, म्हणून दुष्काळासाठी साठवायचे धान्य तेच. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष' म्हणून पाळले आणि तेव्हापासून नागलीची बिस्किटे मोठ्या दुकानांतून दिसू लागली. आम्हांला ह्याचा आनंदच आहे. फक्त एवढेच की ती बिस्किटे आमच्या गावात कोणाला परवडत नाहीत.

आमच्या डोंगराच्या पलीकडे, जुन्नर-आंबेगावकडच्या महादेव कोळ्यांत 'पडकई' नावाची रीत आहे. उतारावर दगडांचे बांध घालून खाचर तयार करणे हे एका घराच्या आवाक्यातले काम नव्हे. म्हणून पाच-दहा घरे एकत्र येतात आणि आज ह्याच्या, उद्या त्याच्या रानात पाळीपाळीने राबतात. मजुरी पैशात नाही, श्रमाची फेड श्रमाने. पुढे शासनानेही पडकईचा कार्यक्रम हाती घेतला. मृदसंधारण, सहकार, भांडवलनिर्मिती असे जे तीन धडे आपण तीन वेगळ्या पुस्तकांत वाचतो, ते तिन्ही ह्या एका शब्दात आहेत.

बियाणे आणि स्त्रिया

आतापर्यंतचे काम स्त्री-पुरुष दोघांचे. बियाणे मात्र आमच्याकडे बाईच्या अखत्यारीत असते. आमच्या घरी ते आजीच्या हाती आहे.

कापणीच्या आधी ती खाचरातून एक फेरी मारते. बांधाच्या कडेच्या लोंब्या ती बियाण्यासाठी घेत नाही, कारण तेथे शेजारच्या खाचरातील वाणाची भेसळ होण्याचा संभव असतो आणि कडेच्या रोपाला मोकळी जागा मिळाल्याने ते उगाच थोर दिसते. मधल्या भागातील, एकसारख्या उंचीच्या, भरलेल्या लोंब्या ती निवडते. वेगळी दिसणारी, आडव्या अंगाची, रोगट लोंबी बाजूला टाकते. भाताचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे अशी निवड दरवर्षी केली की वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहतो. विद्यापीठाच्या बीजोत्पादन क्षेत्रावर जे केले जाते त्यात आणि ह्यात तत्त्वाचा फरक नाही.

त्यानंतर वाळवण. दाणा दाताखाली धरून ती पाहते. 'कट्' असा आवाज होऊन तुटला तर वाळला, चेपला तर अजून ओल आहे. साठवण बांबूच्या कणगीत. ती आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली, खाली दगड देऊन जमिनीपासून उचललेली, म्हणजे ओल लागत नाही. धान्यात निरगुडीचा, कडुनिंबाचा पाला. वाल-घेवड्याचे बी राखेत घोळून मडक्यात. राखेमुळे ओल शोषली जाते आणि किड्याच्या अंगावरचे कवच खरवडून तो सुकून मरतो. भोपळा-काकडीच्या बिया शेणात थापून भिंतीला लावलेल्या. मक्याची कणसे चुलीच्या वर आढ्याला टांगलेली, तेथे त्यांना रोज धूर मिळतो. एखाद्या घराची भिंत व आढे पाहून त्या घरात पुढच्या वर्षी काय पिकणार हे सांगता येते.

ह्या संदर्भात एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे. त्या महादेव कोळी समाजातील. शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांनी आपल्या घरी भात, नागली, वाल-घेवडे, पालेभाज्या, वेलभाज्या ह्यांच्या गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि बायकांचे गट करून ती गावोगाव पसरवली. ह्या कामात त्यांना 'बायफ' ह्या संस्थेचे साहाय्य झाले. महाराष्ट्र त्यांना 'बीजमाता' म्हणून ओळखतो. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या भागातील मुलींना ह्या बातमीने काय वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. जे काम आमच्या आया-आज्या चुलीच्या उजेडात करीत आल्या त्याला राष्ट्रपती भवनात मान मिळाला.

शास्त्र किती, समजूत किती

आपल्या लोकांचे म्हणून सारेच खरे मानावे असे मला वाटत नाही. उदाहरणार्थ पावसाचे अंदाज. आमच्याकडे काळ मोजतात तो सूर्यनक्षत्रांनी. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. मृग सातआठ जूनच्या सुमारास लागतो. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणतात. हे कॅलेंडर कामाच्या आखणीसाठी उत्तम आहे, कारण ते सूर्याच्या गतीवर म्हणजे ऋतूंवर बांधलेले आहे. चांद्रमासासारखे ते अधिक महिन्याने पुढेमागे सरकत नाही. पावशा 'पेरते व्हा' असे ओरडू लागला, बहावा फुलला, काजवे चमकू लागले की पाऊस जवळ आला असे म्हणतात. ह्यांतील पक्ष्याचे ओरडणे व झाडाचे फुलणे हवेतील बदलांशी निगडित असू शकते. परंतु नक्षत्राच्या वाहनावरून किती पाऊस पडेल हे सांगतात ते मला पटत नाही. त्याला निरीक्षणाचा आधार दिसत नाही. आजीला मी तसे सांगितले. ती म्हणाली, "वाहन बघून कोण पेरतंय? माती बघून पेरायचं." समजूत आणि ज्ञान ह्यांतला भेद तिला माझ्याइतकाच ठाऊक आहे, असे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

हे ज्ञान मागे का पडते आहे?

पारंपरिक वाणांचे उत्पन्न कमी असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. उंच वाढणारे भात वाऱ्याने लोळते. जमिनीचे तुकडे पडले, पडीक ठेवायला रान उरले नाही. मुलांची शाळा, दवाखाना, सारे रोख पैशात. अशा वेळी शेतकरी अधिक पिकणाऱ्या व व्यापारी मागतो त्या वाणाकडे वळला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार शहरात बसून वरण-भात खाणाऱ्याला नाही.

आमच्या घरी आजीच्या ऐन उमेदीत भाताचे पाच वाण होते. आज दोन आहेत. त्यांपैकी काळभात एकाच लहान खाचरात उरला आहे, आणि तेथेही इंद्रायणी लावावी असे बा म्हणतात. हिशेब त्यांचा बरोबर आहे. इंद्रायणीला भाव आहे, गिऱ्हाईक दारात येते. पण इंद्रायणी आली कोठून? १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून ती प्रसारित झाली. आंबेमोहोर आणि आयआर ८ ह्या दोन वाणांच्या संकरातून ती तयार झाली. तिचा सुवास आंबेमोहोराचा. आंबेमोहोर कोणी तरी पिढ्यान्‌पिढ्या राखला नसता तर इंद्रायणीही जन्मली नसती. ओडिशातील एका जुन्या भातापासून निवडलेल्या 'एफआर १३ ए' ह्या वाणात पुराखाली तग धरण्याचा गुण सापडला. तो गुण 'स्वर्णा' ह्या लोकप्रिय भातात आणून २००९ साली 'स्वर्णा सब-१' प्रसारित झाले. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही ते पुन्हा उभारी धरते. हवामान बदलत असताना उद्या कोणता गुण लागेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणून नवे बियाणे हवे असेल तरीही जुने राखावे लागते. आज एका खाचराचा तोटा सोसून जुने राखणारा आदिवासी शेतकरी साऱ्या देशाची ठेव सांभाळतो, आणि त्या ठेवीचे व्याज मात्र त्याला मिळत नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याशी, म्हणजे शिकणाऱ्यांशी संबंधित आहे. लोंब्या निवडण्याचे दिवस आश्विन-कार्तिकातले; त्याच वेळी आपली सत्र परीक्षा असते. राब भाजायचा तो फाल्गुन-चैत्रात, तेव्हा दुसऱ्या सत्राचा अभ्यास. आवणी आषाढात, तेव्हा महाविद्यालय सुरू होते. हे ज्ञान पुस्तकातून जात नाही, ते सोबत काम करता करता हातातून हातात जाते. आजीने आईला दिले, आईने मला द्यावयाचे, तर नेमक्या त्या दिवसांत मी वसतिगृहात असते. मला शिक्षण हवे आहे आणि ते सोडण्याचा विचारही माझ्या मनात नाही. आईचीही तशीच इच्छा आहे. परंतु पहिल्या पिढीचे शिक्षण ही जशी नवी सुरुवात असते तशी ती कोठे तरी एका जुन्या साखळीची अखेरची कडीही ठरू शकते, हे आपण ओळखले पाहिजे. लिहिता येणारी पहिली पिढी आणि हे ज्ञान हातात असलेली शेवटची पिढी आज एका छताखाली नांदत आहेत. ही स्थिती फार वर्षे राहणार नाही.

आपण काय करू शकतो?

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवते.

पहिली, नोंद. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे स्थानिक पातळीवर लोकांची जैवविविधता नोंदवही करावयाची असते. आपल्या महाविद्यालयात आदिवासी भागातून आलेले विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने सुट्टीत आपल्या गावातील एक पीक घेतले, त्याच्या वाणांची नावे, मुदत, जमीन, चव, साठवण ही माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढली, आणि ज्यांनी सांगितले त्यांची नावे त्यांच्या संमतीने सोबत लिहिली, तर दोन वर्षांत एक मोलाचा संग्रह तयार होईल. मराठी विभागाला त्यातून शब्दसंपत्ती मिळेल, भूगोल व अर्थशास्त्राला आयते क्षेत्रकार्य मिळेल.

दुसरी, हक्काची माहिती. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे; फक्त संरक्षित वाणाचे बी छापील नावाने विकता येत नाही. शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणीही करता येते. गावात हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ते सांगायला राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराइतकी चांगली जागा दुसरी नाही.

तिसरी, पेरणी. नोंद केलेले नाव वहीत राहील, पण भाताचे बी वहीत राहत नाही. ते दोन-तीन वर्षे पेरले नाही तर त्याची उगवण झपाट्याने घटते आणि मग नावापलीकडे काही उरत नाही. म्हणून प्रत्येक घराने एक वाण, एक वाफा, एवढे जरी ठरवले तरी पुष्कळ होईल.

आमच्या घरापुरते ह्या वर्षी असे ठरले आहे की मोठ्या खाचरात इंद्रायणी लावायची आणि काळभात वरच्या कोपऱ्यातील दोन गुंठ्यांत राखायचा. बा कबूल झाले. लोंब्या निवडायच्या दिवशी परीक्षेचा पेपर नसेल तर मी घरी जाणार आहे. असेल तर आजी माझ्यासाठी एक ओळ कापायची ठेवणार आहे. प्राध्यापक मंडळींनी आणि विद्यार्थी बंधुभगिनींनी वरील सूचनांचा विचार करावा आणि त्यांत काही उणे असेल तर भर घालावी, एवढीच विनंती.